तळमजल्यावरची पृथ्वी

पृथ्वी तयार करायला किती जागा लागते, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन की खुर्च्या भिंतीला लावल्या तर ती आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सहज मावते. परवानगी मिळवायला मात्र खरी पृथ्वी थंड व्हायला लागला त्यापेक्षा किंचितच कमी वेळ लागतो.

मी भूगोलाची बाई. निवृत्त झाले तरी बाईच. इमारतीत मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. आमचे हेसुद्धा रागावले की 'बाई' म्हणतात. दर रविवारी सकाळी मी हॉलमध्ये मुलांना पृथ्वी शिकवायची, आवड म्हणून. फळा, रंगीत खडू आणि बुटांच्या खोक्यातले माझे दगड, एवढंच सामान. एके काळी त्या दगडांवर मुलांची झुंबड उडायची. बेसॉल्ट आधी कुणी हातात घ्यायचा यावरून दोन मुलींनी एकमेकींच्या वेण्या ओढलेल्या मी पाहिल्या आहेत. हल्ली असं भाग्य कुठल्या दगडाला लाभतं? अलीकडे वर्ग उन्हाळ्यातल्या डबक्यासारखा आटत गेला. शेवटी एकच मुलगी उरली, आणि तीही घरी पडदे धुवायला लागू नयेत म्हणून यायची.

ही गोष्ट अध्यक्षांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. आमचे अध्यक्ष पूर्वी एका मोठ्या गोदामाचे व्यवस्थापक होते. रिकामी जागा दिसली की त्यांचा जीव खालीवर होतो. एके दिवशी जिन्यात त्यांनी मला गाठलं.

"बाई, हॉल वाया जातोय. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांना तो दवाखान्यासाठी हवाय. वार्षिक सभेत ठराव घेतो. तोवर तुमचा वर्ग भरलेला दिसला तर ठीक, नाहीतर डॉक्टर खुर्ची मांडतील."

हे डॉक्टर दातांचे. स्वभावाने गोड, हाताने कठोर. मी सगळा जन्म वर्ग शांत करण्यात घालवला होता, आणि आता या वयात मला वर्ग भरून दाखवायचा होता. घरी येऊन मी पातेली जरा जास्तच आवाज करत घासली.

"पृथ्वीवर दातांच्या दवाखान्यापेक्षा महत्त्वाचं काही उरलंच नाही का?" मी ह्यांना विचारलं.

"तुझी दाढ दुखेल तेव्हा विचार," हे म्हणाले.

आमच्या ह्यांच्याबद्दल इथेच सांगून टाकते. हे जमीनमोजणीच्या कार्यालयातून निवृत्त झाले. त्यामुळे आमच्या घरात लग्नापासून एक शास्त्रीय मतभेद आहे. मी शाळेत शिकवून यायची की जमीन सरकते; आणि हे कार्यालयातून येऊन सांगायचे की जमीन तसूभरही सरकत नाही, फक्त शेजारी कुंपण सरकवतात. आयुष्यभराचा पुरावा ह्यांच्या बाजूने होता. माझ्याकडे नुसतं पाठ्यपुस्तक.

आमची लेक मुलांसाठी शैक्षणिक खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत आहे. फोनवर माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, "आई, दगड ठेव बाजूला. मी तुला अख्खी पृथ्वी पाठवते." आणि खरंच तिने एक भलंथोरलं खोकं पाठवलं. त्यात डोळ्यांवर बांधायचे काळे चष्मे होते, जुन्या बनावटीचे, कंपनीने अडगळीत टाकलेले. चष्मा कसला, घोड्याची झापडंच ती. ते बांधले की आपण एका मोकळ्या ग्रहावर उभे असतो, आणि ज्यांनी ज्यांनी चष्मे घातलेत ते सगळे त्याच ग्रहावर आपल्याला दिसतात. डोंगर उचलायचे, नद्या सोडायच्या, जमीन उभी कापून आतले थर बघायचे, सगळं हाताच्या खुणांनी. पुढ्यात एक चाक अधांतरी तरंगत असतं. ते काळाचं चाक. फिरवलं की युगं पुढे जातात.

"चाक फक्त तू फिरवायचंस," लेकीने बजावलं. "आणि हळू. ते मिनिटा-तासांचं चाक नाहीये."

मी पहिल्यांदा चष्मा घातला तो आमच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याची पाठ घट्ट धरून. डोळ्यांपुढे लाल, धगधगता, कढत असलेला गोळा. मी त्यावर उभी. चाक जरासं लोटलं आणि त्या लालीवर काळी साय धरायला लागली. फाटली, पुन्हा धरली. मग वर ढग दाटले आणि पाऊस सुरू झाला. तो थांबेचना. खड्डे भरले, दऱ्या भरल्या, माझ्या पायांपासून क्षितिजापर्यंत पाणीच पाणी झालं, आणि त्या सगळ्या विस्तारात एकही जीव नव्हता. कुणीही नाही. एक मासा नाही, एक गवताची काडी नाही. नुसता वारा आणि लाटा, आणि त्या लाटा बघायला मी.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. चष्मा काढला तेव्हा हे समोर उभे होते.

"रडतेस का?"

"समुद्र झाला," मी म्हटलं.

"कुठे?" म्हणून ह्यांनी आधी गालिचा तपासला.

आता परवानगी. अध्यक्षांनी खेळाची माहिती मागवली, समितीपुढे ठेवली आणि तिच्यावर शंका काढल्या. हॉलमध्ये ज्वालाग्राही पदार्थ आणायला बंदी आहे. मग ज्वालामुखी कसा चालेल? मी म्हटलं, तो खरा नाही. ते म्हणाले, नियमात खरा-खोटा असा भेद नाही. शेवटी ज्वालामुखीपाशी वाळूची बादली ठेवायची, या अटीवर तो मंजूर झाला. भूकंप दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत करायचा नाही, असं ठरलं. "समुद्राचं पाणी भिंतीत मुरणार नाही ना?" हा प्रश्न वरच्या वहिनींचा. वहिनी आमच्या बरोबर डोक्यावर राहतात आणि त्यांच्या न्हाणीघराचं पाणी गेली कित्येक वर्षं आमच्या भिंतीत मुरतं आहे. पण मी भूगोलाची बाई, इतिहासाची नाही.

रविवारी वर्ग भरला. भरला म्हणजे ओसंडला. मुलं आळीपाळीने चष्मे घालत होती आणि बाकीची दाराशी रांगेत उड्या मारत होती. "बाई, मी हिमनदीत आहे!" "बाई, ह्याने माझा डोंगर ढकलला!" "बाई, आत लोखंड आहे, आत सगळं लोखंड आहे!" फळ्यावर पृथ्वीचं पोट मी किती वेळा काढलं असेल! पिवळा खडू, नारिंगी खडू, लाल खडू. मुलं ते चित्र उतरवून घ्यायची आणि घंटा झाली की पळायची. आज एक चिमुरडी गाभ्यापाशी उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "हे सगळं आपल्या पायाखाली आहे?" आणि तिने बूट काढून ठेवले. का काढले, मी विचारलं नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. बिघाड झाला तो पालक मुलांना न्यायला आले तेव्हा.

"बघू जरा," म्हणून अध्यक्षांनी चष्मा घातला. मग डॉक्टरांनी. मग वहिनींनी, केस विस्कटणार नाहीत अशा बेताने. तेव्हा ग्रहावर हिरवळ आली होती, एका रुंद नदीच्या काठाला सपाट मैदान पसरलं होतं, मागे एक निमुळता डोंगर. मी शिकवायच्या सुरात म्हटलं, "ही नदी बघा, हिने किती गाळ आणून हे मैदान—"

"केवढी जागा रिकामी आहे!" अध्यक्ष म्हणाले. आणि पावलांनी ती मोजायलाही लागले.

मध्यमवर्गीय माणसाला मोकळी जमीन दाखवली की त्याला तिच्यात निसर्ग दिसत नाही, प्लॉट दिसतो. पुढच्या रविवारी मुलांच्या आधी पालक हजर. खेळात दगड रचायची सोय होती, ती मुलांनी कडे-कपारी बांधाव्यात म्हणून. यांनी तिच्यातून बंगले उभे केले. वहिनींना नदीकाठचा कोपऱ्यावरचा प्लॉट हवा होता. डॉक्टरांनी निमुळत्या डोंगराचा पायथा धरला, कारण तिथली माती काळी आणि सकस होती.

"डॉक्टर, ती माती सकस का आहे ठाऊक आहे का?" मी विचारलं. "तो ज्वालामुखी आहे."

"निद्रिस्त आहे," डॉक्टर म्हणाले. "दुखत नसेल तर कशाला छेडायचं?"

आपल्या रोग्यांना हे गृहस्थ नेमकं याच्या उलट सांगतात.

आणि आमचे हे! हॉलमध्ये कधी पाऊल न टाकणारा हा माणूस, 'प्लॉट' हा शब्द ऐकताच कपाटातून मोजणीची जुनी टोपी काढून खाली उतरला. डोळ्यांवर झापड बांधून, हवेतल्या हवेत मोजणीची साखळी ओढत, हे हॉलभर हद्दी आखत हिंडायला लागले. वाटेत खरा खांब आला की त्यावर आपटायचे आणि "इथे अतिक्रमण आहे" म्हणायचे. मुलं दारातल्या पायऱ्यांवर बसून आपापल्या आईवडिलांचा खेळ संपायची वाट बघत होती. मी एकदा धीर करून म्हटलं, "अहो, हा मुलांचा वर्ग आहे."

"अगं, एवढी हद्द लागू दे," हे म्हणाले. लग्नानंतर माझ्या माहेरच्या माणसांना ताटकळत ठेवून ह्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं.

महिनाभरात वसाहत उभी राहिली. रस्ते झाले, कमान झाली. सभेचा दिवस जवळ आला होता आणि हॉल दर रविवारी खच्चून भरत होता. तेव्हा अध्यक्षांना मी वर्ग भरून दाखवला होता, असं म्हणायला हरकत नव्हती. फक्त त्यात कुणी काही शिकत नव्हतं. मी कोपऱ्यात उभी राहून चाक सांभाळत होते, एखाद्या वाहनतळावरच्या रखवालदारासारखी.

मग वहिनींना झाडांची घाई झाली. त्यांनी बंगल्यापुढे रोपं लावली होती आणि ती त्यांना मोठी झालेली हवी होती.

"बाई, तुमचं ते चाक जरा पुढे घ्या ना. सावली पडेल एवढंच."

"वहिनी, या चाकाला झाडाएवढं पुढे जाता येत नाही. ते गेलं की हजारो वर्षं जातं."

"नियमित देखभाल केली तर हजार वर्षांनी काही होत नाही," अध्यक्ष म्हणाले. "आणि बाई, प्रत्येक गोष्टीत शिकवायलाच हवं असं नाही."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. एवढं लागलं की मी हात बाजूला घेतला आणि म्हटलं, "घ्या. तुम्हीच फिरवा."

अध्यक्षांनी बोटाने किंचित लोटलं. झाडं वाढली, पडली, पुन्हा उगवली. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नदी वळवळली. हो, वळवळली. एवढी मोठी नदी, निजलेली बाई कूस बदलते तशी कूस बदलून मैदानाच्या या कडेची त्या कडेला गेली. एक काठ खात, दुसऱ्या काठावर वाळू ठेवत. वहिनींचा बंगला कोरड्या वाळूत राहिला आणि नदी डॉक्टरांच्या परसात शिरली.

मी विसरलेच की मला राग आला आहे. फळ्यावर मी नदीचं वळण काढायची, निळ्या खडूने, आणि बाण दाखवायची: इकडे झीज, तिकडे भर. त्या बाणांच्या आत एवढं मोठं, एवढं संथ, एवढं बेदरकार काही दडलेलं आहे, हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

इतरांना दुसरंच दिसत होतं.

"माझी नदी यांनी नेली!" वहिनी ओरडल्या.

"मी काय, भांड्यात भरून आणली का? तीच आली!" डॉक्टर म्हणाले.

"मोजणी चुकीची आहे," अध्यक्ष आमच्या ह्यांना म्हणाले.

हा आरोप ह्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा झाला. ह्यांनी पुन्हा साखळी ओढली. पुन्हा मोजलं. खांबावर पुन्हा आपटले. सगळी मापं बरोबर होती, फक्त जमीन तिथे नव्हती. समितीने नदीला नोटीस काढली: मंजूर नकाशाप्रमाणे मूळ जागी परतावे. नोटीस बजावायची कुणावर हे कळेना, म्हणून ती सूचनाफलकावर लावली. त्या संध्याकाळी ह्यांनी चहा घेतला नाही. खिडकीतून खालच्या रस्त्याकडे, समोरच्या कुंपणाकडे, बराच वेळ बघत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरकते म्हणायची."

मी ह्यांचा गार झालेला चहा पुन्हा गरम करायला ठेवला. संसारात काही विजय असे असतात की त्यांचा जल्लोष केला तर ते परत घेतले जातात.

सभेच्या आदल्या रविवारी वसाहतीच्या कमानीचं उद्घाटन ठरलं. नदीचा तंटा मिटवायला तीन-चार मोठमोठे बांध घातले होते. अध्यक्षांनी घरून खरी कात्री आणली होती आणि खेळातली फीत कापायला ते डोळ्यांवर चष्मा बांधून उभे होते, त्यामुळे आम्ही बाकीचे जरा लांब होतो. भाषण झालं. "ही आपली हक्काची जमीन," अध्यक्ष म्हणाले, आणि फीत नेमकी कुठे आहे ते न समजून त्यांनी कात्रीचा हात जोरात फिरवला. तो बसला मी लांब गेल्यामुळे मोकळ्या राहिलेल्या काळाच्या चाकावर.

चाक गरगरलं.

आधी निमुळत्या डोंगराचं टोक उडालं. आवाज नव्हता फारसा, जुन्या बनावटीचे चष्मे ते. पण आकाश काळं झालं आणि राख पडायला लागली, संथपणे, पिसांसारखी. रस्ते बुजले, कमान बुजली, गच्च्या बुजल्या. "आत दाब होता," डॉक्टर पुटपुटले. "निचरा करायला हवा होता." मग जमीन खचली आणि समुद्र आत आला. कुणीतरी घाबरून खुर्चीवर चढलं. वहिनी नसलेल्या खुर्चीवर बसायला गेल्या आणि असलेल्या फरशीवर बसल्या. मी चाचपडत चाक धरलं तेव्हा आमच्या डोक्यावर हिरवं पाणी होतं, आणि त्यात बारीक बारीक शिंपले बर्फासारखे खाली उतरत होते.

त्यानंतरचा आठवडा कुणाच्याही वाट्याला न येवो, असं मी म्हणेन. जिन्यात लोक माझ्याकडे मीच समुद्र आणल्यासारखे बघायचे. धीर आणि सल्ले द्यायला सगळा मजला येऊन गेला. कुणी म्हणालं, माफी मागा. कुणी म्हणालं, मागू नका, पण मागितल्यासारखं तोंड करा. एका शेजारणीने तर समुद्र उपसायला पंप सुचवला. शेवटी मी लेकीला फोन लावला.

"आई, त्यात काय एवढं? खेळाची जुनी प्रत साठवलेली असते. एक कळ दाबली की समुद्राच्या आधीची वसाहत जशीच्या तशी परत येईल. चाकाला कुलूपही घालता येतं. मग काही हलणारच नाही."

ही बातमी माझ्या आधी अध्यक्षांकडे पोचली. आमच्या भिंतींतून पाण्याबरोबर बातम्याही मुरतात. सभेच्या दिवशी सकाळी ते स्वतः आमच्याकडे आले, बसले, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्या दगडांचं कौतुक केलं.

"बाई, सरळ सांगतो. वसाहत परत आणा. चाकाला कुलूप घाला. हॉल कायमचा तुमचा. मुलांना काय शिकवायचं ते शिकवा, फक्त आमच्या मैदानाला हात लावू नका. नाहीतर सभासद भडकलेत, हॉल डॉक्टरांना जाणार."

ते गेले. मोह झाला नाही असं म्हणणार नाही. एका कळीचा प्रश्न होता. हॉल, मुलं, रविवार, पायातले बूट काढून ठेवणारी ती चिमुरडी, सगळं एका कळीवर होतं.

"दाबून टाक," हे म्हणाले. "खेळच आहे."

"अहो, कुलूप घातलेली पृथ्वी मी मुलांना कशी शिकवू?" मी म्हटलं. "जी हलत नाही ती पृथ्वी नव्हे, तो नकाशा. तुम्ही जन्मभर सांभाळलात तो."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण हे चिडले नाहीत. उठले आणि चष्म्यांचं खोकं उचलायला लागले. "चल," म्हणाले, "खाली न्यायला मदत करतो. जड आहे."

सभा हॉलमध्येच होती. मोठी माणसं भिंतीकडेने खुर्च्यांवर, मुलं दाराच्या पायऱ्यांवर. मागच्या सभेचा वृत्तांत झाला, गच्चीची गळती झाली, मग अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "आता हॉलचा विषय. बाईंना आपण एक विनंती केली होती."

मी उभी राहिले.

"वसाहत मी परत आणणार नाही," मी म्हटलं. एकच गलका झाला. वहिनी तर उठूनच उभ्या राहिल्या. मी माझा जुना वर्गातला आवाज काढला. "बसा!" सगळे बसले. डॉक्टर अंमळ लवकरच बसले. "पृथ्वी मागे जात नाही. ते मला शिकवता येणार नाही. पण पुढे काय होतं ते दाखवता येईल. एकदा चष्मे घाला. मग हॉल कुणालाही द्या."

कुरकुरत का होईना, चष्मे डोळ्यांवर चढले. उरलेल्यांनी समोरच्या भिंतीवर लावलेल्या, चष्म्यातलं दृश्य दाखवणाऱ्या पडद्याकडे माना वळवल्या. मीही चष्मा घातला आणि चाकाला हात लावला. हळू.

आम्ही समुद्राच्या तळाशी होतो. वरून शिंपले उतरत होते, गाळ उतरत होता. उतरतच होता. थरावर थर. कुणीतरी कुजबुजलं, "आपली घरं कुठे आहेत?" मी म्हटलं, "खाली. खूप खाली." मग दुरून दुसरा एक भूखंड यायला लागला. त्याला कसलीच घाई नव्हती. तो आला, भिडला, आणि तळ उचलायला लागला. पाणी आमच्या खांद्यांवरून, कमरेवरून, पायांवरून ओसरलं. समुद्राच्या तळाच्या घड्या पडल्या, घड्या उंच उंच गेल्या, त्यांच्या शेंड्यांवर बर्फ बसलं. 'हा पर्वत एके काळी समुद्राचा तळ होता.' हे वाक्य मी किती पिढ्यांना फळ्यावर लिहून दिलं असेल! त्याला हमखास गुण मिळायचे. मला ते पाठ होतं. मी ते पाहिलं नव्हतं. बाजूला ह्यांनी माझा हात शोधून धरला. तो माझाच हात आहे हे ह्यांना चष्म्यातून कसं कळलं, ते ह्यांनाच ठाऊक.

बर्फ वितळलं, नद्या सुटल्या, आणि एका नदीने त्या पर्वताला वरपासून खालपर्यंत चिरलं. आमच्यापुढे एक उभा कडा उघडा पडला. करडे थर, पिवळे थर, शिंपल्यांचे पांढरे थर. मी चाक थांबवलं.

हॉलमधल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. सभेत असं पूर्वी कधीच घडलं नव्हतं.

"त्या तिथे," मी म्हटलं, "उभं राहिलं तर हाताला येईल एवढ्या उंचीवर, काळसर रेघ दिसते का? ती त्या डोंगराची राख. आणि तिच्या लगेच खाली, नखाएवढी तांबूस?"

"दिसते," कुणीतरी म्हणालं.

"ते आपण."

"सगळं?" वहिनींचा आवाज. "बंगला, रस्ते, बांध, कमान... सगळं एवढ्यात?"

"सगळं."

मग अध्यक्षांचा आवाज आला. गोदामातल्या शेवटच्या रॅकपाशी माणूस बोलतो तसा, लहान आणि घुमणारा. "सभा चालू आहे," ते म्हणाले, बहुधा स्वतःलाच आठवण करून द्यायला. "हॉल... हॉल पृथ्वीकडेच असावा, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी हात वर करावेत."

हात मोजायला कुणीतरी हवं, म्हणून मी चष्मा काढला.

नेहमीचा हॉल. भिंतीवरचा पोपडा, बंद पंखा, सूचनाफलक. आणि त्या एवढ्याशा खोलीत माझे सगळे शेजारी डोळे झाकून उभे होते, तोंडं किंचित उघडी, आणि सगळ्यांचे हात वर होते. अध्यक्ष विचारायच्या आधीपासून वर होते. कुणी मत देत नव्हतं. ते समोरच्या हवेत ती नखाएवढी रेघ चाचपून बघत होते. डॉक्टर एका बोटाने तिच्यावर टिचक्या मारत होते, हळुवार. वहिनींनी पूर्ण तळवा टेकवला होता. अध्यक्षांचा हात सगळ्यांत वर, टाचा उंचावलेल्या. चष्मे ज्यांना मिळाले नव्हते ते पडद्यापाशी गोळा झाले होते आणि त्यांचेही तळवे भिंतीवर होते. पायऱ्यांवरची मुलं केव्हाच आत येऊन मोठ्यांच्या पायांमधून वर बघत होती.

"मोजलेत का, बाई?" अध्यक्षांनी चष्म्याआडून विचारलं.

"मोजले," मी म्हटलं. "एकमताने मंजूर."

आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवून मीही हात वर केला.